कासवाची झूल

शेंदूर कापडाला लागला की निघत नाही. तेलात कालवलेला असेल तर मुळीच नाही. साबण लावा, रॉकेल लावा, उन्हात घाला. कापड विरतं, डाग राहतो. म्हणून माझ्या शिवणाच्या खोलीत तेलकट हातांनी यायला सगळ्यांना बंदी आहे. त्या शनिवारी माझी धाकटी जाऊ ब्लाऊज घालून बघायला आली, तेव्हा तिची दहाही बोटं केशरी होती.

"कावून गं, हात असे?" मी विचारलं.

"कासवाला शेंदूर लावून आले, अक्का," ती म्हणाली. "तुमी न्हाई आलात? लई गर्दी हाय."

मी तिला आधी मोरीत पाठवलं. तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि पदरही केशरी झाला. मी तिच्यावर ओरडले ते पदरासाठी. ती काय बोलली हे डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. मारुतीच्या दगडावर थापतात तसा तेलातला शेंदूर या लोकांनी एका जित्या जनावराच्या अंगावर थापला होता. त्या जनावराला डोळे होते, नाक होतं.

मी किळसट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी आष्टीकडेही मी अशीच होते आणि सासरी येऊन काही सुधारले नाही. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी मी पीत नाही. मांजर ओट्यावर चढलं की ओटा राखेने घासते. पाल दिसली की घर डोक्यावर घेते. शिवणकामाने ही खोड वाढवली. दिवसभर पांढरी, गुलाबी, मोतिया रंगाची परक्यांची कापडं हातात असतात. एक डाग पडला की बोलणी खावी लागतात. सासूबाई म्हणायच्या, हिला धुतलेल्या पाण्यात पण घाण दिसती. दिसते मला. असली तर दिसणारच.

आमचं गाव धारूरच्या डोंगरकडेला आहे. माझ्या घरामागे जुनी बारव आहे, चौकोनी, दगडी पायऱ्यांची, काठावर एक पडकं महादेवाचं देऊळ. मशीन मी त्याच बाजूच्या खिडकीशी ठेवलंय, कारण उजेड तिथेच चांगला येतो. म्हणजे ही बारव मी संसारभर बघत आले. आणि संसारभर त्या बारवेत गावाने काय टाकलं नाही ते विचारा. फाटक्या चपला, बाटल्या, गोधड्यांच्या चिंध्या, भंगलेले देव, लेकरांचे घाण झालेले डायपर. एकदा एक कुत्रं त्यात पडून मेलं आणि कुजून संपेपर्यंत तिथेच राहिलं. तेव्हा कोणी नाक धरण्यापलीकडे काही केलं नाही.

ती बारव साफ केली आमच्या पुढाऱ्याने. पुढारी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या भावकीतलाच माणूस. जमीन भरपूर, कपडे पांढरे, बोलणं मधाळ. त्याला तोंडावरसुद्धा सगळे पुढारीच म्हणतात आणि त्याला ते आवडतं. खोटं कशाला बोलू, काम त्याने चांगलं केलं. जेसीबी आणला, गावातल्या पोरांना हाताशी धरलं, स्वतः धोतर वर खोचून चिखलात उतरला. गाळ निघाला, झरे मोकळे झाले, आणि पावसाळा निम्म्यावर आला तेव्हा बारवेत गुडघाभर नाही, चांगलं पुरुषभर नितळ पाणी होतं. खालची पायरी काचेतून दिसावी तशी दिसायची.

एका सकाळी त्याच पाण्यातून कासव वर आलं.

आमच्याकडे जुनी माणसं नवी विहीर पाडली की तिच्यात मासे, कासव सोडायची. पाणी निवळ राहतं म्हणायची. असंच कोणीतरी कधीतरी सोडलेलं हे कासव त्या चपला-चिंध्यांच्या खाली, चिखलात, एवढी वर्षं तग धरून राहिलं होतं. कोणी सोडलं ते सांगू शकेल असं माणूस गावात उरलं नव्हतं.

मी खिडकीतून पाहिलं आणि मशीनवरचं कापड सुईखाली तसंच सोडून उठले. का उठले, मला सांगता येणार नाही. मला जनावरं आवडत नाहीत. पण मी परड्यातून निघाले, पायऱ्या उतरले आणि पाण्यापासून वर चौथ्या-पाचव्या पायरीवर जाऊन बसले. माझ्या आधीच तिथे बरीच माणसं उकिडवी बसलेली होती. कासव शेवटच्या कोरड्या पायरीवर ऊन खात होतं. भाकरीएवढी काळी पाठ, चारी पाय ऐसपैस पसरलेले, मान पुरती बाहेर काढलेली. त्याच्या गळ्याखालचं सैल कातडं एका लयीत वरखाली होत होतं. पालीच्या गळ्याखाली तस्संच होतं, आणि ते बघून मला शहारे येतात. इथे मी टक लावून बघत बसले होते, आणि मला फार छान वाटत होतं.

कोणी बोलत नव्हतं. बांधावरून एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे चुलतभाऊ एकाच पायरीवर बसले होते. मेंढरामागे दिवसभर फिरून बेजार झालेली, जनावर म्हटलं की शिवी तोंडात येणारी धनगराघरची सूनबाई डोक्यावरचं गाठोडं न उतरवता उभी होती. रांगतं लेकरू कोकराच्या दिशेने निघतं, त्याला कोणी शिकवलेलं नसतं. मोठं झालं म्हणून ती ओढ कुठे जात नाही. त्या सकाळी आमचं अख्खं गाव तसं रांगत आल्यासारखं झालं होतं, आणि मीही. चार-पाच दिवस असेच गेले. ते दिवस खरंच चांगले होते.

पण नुसतं बघून माणसाचं भागत नाही.

पहिल्यांदा कोणीतरी भाकरीचा तुकडा टाकला. कासवाने मान लांबवून तो ओढला, आणि सगळ्या पायऱ्यांवरून 'आऽ' असा आवाज उठला. तिथेच घात झाला. दुसऱ्या दिवशी जो तो काहीतरी घेऊन आला. मुरमुरे, शेंगदाणे, शिळा भात, चहात बुडवलेलं बिस्कीट, वेफरची अख्खी पुडी. कासव खाईल तेवढं खायचं, बाकी पाण्यात. मग कोणाला तरी आठवलं की प्रत्येक महादेवाच्या देवळात दगडी कासव असतं. आपल्या देवळातही होतंच, झिजलेलं, कोपऱ्यात पडलेलं. "आन् आपलं तर जितं हाय!" एवढं एका तोंडून निघायचा अवकाश, दुसऱ्या सकाळी कासवाच्या पाठीवर हळदीकुंकू होतं. मग दूध आलं. दहीभात आला. नारळ फुटायला लागले. शेंदूर लावायची कल्पना कोणाची, हे मी पुष्कळांना विचारलं, तर जो तो म्हणतो माझीच.

पंधरवड्यात त्या नितळ पाण्याची काय दशा झाली ते मी खिडकीतून बघत होते. दूध नासून त्याच्या गाठी तरंगत होत्या. त्यावर तेलाचा केशरी तवंग, तवंगात चिकटून मेलेल्या माशा. फुगलेला भात, नारळाच्या शेंड्या, पेढ्यांचे कागद. पायऱ्यांवर बुळबुळीत थर बसला आणि त्या थरात आळ्या वळवळायला लागल्या. माझी एक गिऱ्हाईक बाई घसरून त्यात सपशेल आपटली. उठली ती आधी हात जोडून कासवाच्या पाया पडली आणि मग कमर चोळत घरी गेली. त्या आळ्या तिच्या लुगड्याला लागलेल्या मला वरून दिसत होत्या. त्या दिवशी मी दुपारी जेवले नाही.

मी खिडकी लावून घेतली. भर दिवसा दिवा लावून शिवायला लागले. तरी वास फटीतून यायचा, आणि कापडात शिरायचा. आंबूस, तेलकट, कुजका. हा सगळा वास प्रेमाचा होता, याची मला जास्त घाण वाटत होती. चपला टाकणाऱ्यांना निदान शिव्या तरी देता येत होत्या.

"लोक माया करायलेत त्याच्यावर," रात्रीच्या जेवणाला नवरा म्हणाला. "तुला काय तकलीफ हाय?"

"अशी माया असती व्हय? डोळे लिंपलेत त्याचे शेंदरानं."

"तुला तर कोन न्हाई ना लावायलं? तुला लावाया गेलं तर तू चावशील," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला. मी त्याला वाढायला घेतलेली भाजी परत पातेल्यात ओतली. नवरा हसतो ते मला एरवी आवडतं. त्या दिवसांत आवडत नव्हतं.

बायकांना सांगून बघितलं. जावेला म्हणाले, अगं, त्याला मान बाहेर काढता येत नाही, वरून खालून थर साचलाय. ती म्हणाली, अक्का, देव हाय ते, ध्यान लावून बसलंय. तिचा चेहरा इतका भाबडा आणि इतका खूश होता की मला तिला मारावंसं वाटलं. रोज सकाळी ती आंघोळ करून, उपाशीपोटी, त्याला हात लावायला जायची. हात लावला की दिवस चांगला जातो म्हणायची. तिला मूल नाही. ती तिथे जाऊन काय मागायची हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तो विषय सोडून दिला.

पोळा जवळ आला तेव्हा पुढारी माझ्याकडे आला. काखेत लाल मखमलीचा तागा, हातात सोनेरी झालर.

"वहिनी, एक काम हाय तुमच्या हातचं," तो म्हणाला. "झूल शिवायची."

मला वाटलं त्याच्या बैलांना. गावात बैल उरलेत किती, पण त्याने मिरवायला एक जोडी ठेवली आहे. पोळ्याला तेवढीच बाहेर निघते. मी म्हणाले, बैलाचं माप आणा.

"बैलाची न्हाई. आपल्या कासवाची."

मी कात्री खाली ठेवली.

"अवो, असं कुटं कुनाकडं हाय का?" तो रंगात आला. "आदल्या दिशी खांदेमळणी करायची त्याची, तूप-हळद लावून. पोळ्याला पाटावर बसवून, झूल घालून गावभर मिरवायचं. पार केजपासनं लोक येतेन बघा."

खांदेमळणी बैलाची असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात. कासवाने कोणाचं जू ओढलं होतं? पण जो जीव दिसेल त्याला बैलासारखंच सजवायचं, एवढंच या माणसांना येतं. प्रेम करायची दुसरी रीतच ठाऊक नाही. आधी बैलाला करायचे, बैल गेले, आता ट्रॅक्टरला हार घालतात. ट्रॅक्टर मरत नाही म्हणून बरं.

"भाऊजी," मी म्हणाले, "कासव मरून जाईल. आत्ताच मरायला टेकलंय. त्याला साफ करा आन् सोडा पाण्यात. पाणी बी उपसा."

"जागृत हाय ते. त्याला काय व्हतंय?"

"मी न्हाई शिवत."

"नका शिवू," तो गोड हसत म्हणाला. "धारूरला टाकतो शिवायला. बसली न्हाई तर गोंदानं चिटकवू."

तो तागा उचलून निघाला. गोंदाने चिकटवलेली मखमल माझ्या डोळ्यांसमोर आली. भिजलेली, कुजलेली, पाठीला घट्ट धरलेली. त्या क्षणी मला एकच गोष्ट कळत होती, की हे जनावर एकदा माझ्या हातात यायला पाहिजे.

"थांबा," मी म्हणाले. "शिवते मी. पर माप घेतल्याबिगर झूल बसत न्हाई. कासव हितं आणून द्या. दुपारभर लागंल."

माझ्याकडून कपडे शिवून घेणारा कुठलाही माणूस मापाचं नाव काढलं की वाद घालत नाही. पुढारीही घालू शकला नाही.

दुसऱ्या दिवशी परातीत घालून, वाजतगाजत कासव माझ्या दारात आलं. माझ्या खोलीत बाहेरची चप्पलसुद्धा येत नाही, तिथे ही परात मी स्वतः धरून मशीनच्या फळीवर ठेवली. सगळ्यांना बाहेर काढलं, माप घेताना गर्दी चालत नाही म्हणून. दार लावलं. आणि मग ते रूप जवळून बघितलं.

पाठीवर बोटभर थर होता. वरून ओला, खालून वाळून भेगा गेलेला, भेगांत भाताची शितं आणि मेलेल्या मुंग्या. कडेला एकाने रुपया चिकटवला होता. मानेच्या घड्यांत तेल, दही आणि शेंदूर यांचा गिलावा साचून आंबला होता. डोळ्यांच्या जागी दोन केशरी ढेकळं. नाकाची भोकं शोधूनही सापडेनात. त्या वासाने मला दोनदा मोरीकडे धावावं लागलं. दुसऱ्यांदा खरंच उलटी झाली. मी तोंड धुतलं, परत आले, पदर नाकाला बांधला.

खोबरेल तेल कोमट केलं. जुन्या सुती चिंध्या, दाताचा मऊ ब्रश, काजकामाची बोथट सुई. पाठीवरचा थर खरवडून निघाला. डोळ्यांना मी घाबरले. तेलाचा बोळा ठेवायचा, थांबायचं, पुसायचं, पुन्हा ठेवायचं. पातळ झालेला शेंदूर माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. मला ओकाऱ्या येत होत्या आणि माझा हात काही थांबत नव्हता. नाकाचं एक भोक मोकळं झालं तेव्हा त्यातून एक बुडबुडा आला. मग त्याने मागचा एक पाय हळूच बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर टेकवला. नखांसकट. जोर लावून. त्याला फक्त माझ्या हातातून निघून जायचं होतं, ते काही मला आशीर्वाद देत नव्हतं. मला मात्र एकदम रडू आलं.

नवरा मागच्या दाराने पाणी प्यायला आला तेव्हा मी तशीच, कोपरापर्यंत केशरी, नाकाला पदर, रडत उभी. तो हसायला तोंड उघडणार तेवढ्यात कासवाने डावा डोळा उघडला. लाल झालेला, चिकट, पण उघडा. तो डोळा त्याच्याकडे होता. नवऱ्याने हातातला तांब्या खाली ठेवला.

"कुटं न्यायचं?" त्याने विचारलं. बस, एवढंच.

आमच्या शेतात जुनी पायऱ्यांची विहीर आहे. आत कपारी आहेत, ऊन उतरतं, आणि गावातलं कोणी तिकडे फिरकत नाही. नवऱ्याने कासव ओल्या चिंधीत गुंडाळलं, ब्लाऊजपीसच्या पिशवीत घातलं, पिशवी मोटारसायकलला अडकवली आणि रोज शेतात जातो तसा गेला. संध्याकाळी पुढाऱ्याला मी सांगितलं, माप झालं, कासव बारवेत सोडलं, लगेच बुडी मारली. त्या पाण्यात हातभर खालचं दिसत नव्हतं. खोटं बोलायला एवढी सोय त्यांनीच करून ठेवली होती.

पोळ्यापर्यंत कासव वर आलं नाही. येणार कुठून? लोक पायऱ्यांवर बसून हाका मारत राहिले. जावेने दोन दिवस उपास धरला. पोळ्याच्या सकाळी मला वाटलं होतं आता गाव तळ ढवळून काढील, माझ्या दारात येईल, जाब विचारील. तसलं काही झालं नाही. पुढारी पडक्या देवळात गेला, कोपऱ्यातलं दगडी कासव दोघांच्या मदतीने उचललं आणि पाटावर ठेवलं.

"जितं दडलंय तवर ह्याचा मान," त्याने जाहीर केलं.

आदल्या दिवशीची राहिलेली खांदेमळणीही तेव्हाच झाली. दगडाला खांदे नव्हते, तरी झाली. तूप-हळद झाली, शेंदूर झाला. मी शिवलेली झूल त्याला घातली. ती इतकी बरोबर बसली की मलाच नवल वाटलं. हलगी वाजली, गुलाल उडाला, बायकांनी दारोदारी ओवाळलं, पोरांनी पाटाला हात लावून हात छातीला नेले. जाऊसुद्धा रांगेत होती. तिने दगडाच्या पाठीवरून तसाच हात फिरवला, डोळे मिटून, अगदी तसाच. काही कमी पडल्याचं कोणाच्या तोंडावर दिसेना. मी ओट्यावर उभी राहून बघत होते आणि मला एवढा संताप आला होता की हातातलं आरतीचं ताट मी न ओवाळताच खाली ठेवलं. म्हणजे तुम्हाला त्याच्या जितं असण्याशी काही देणंघेणं नव्हतंच. मग त्याचे डोळे कशासाठी लिंपलेत?

पुढे बारवेवरची गर्दी देवळाकडे वळली, आणि बारवेत पुन्हा चपला दिसायला लागल्या.

आता माझं सांगते.

मी शेतात रोज जाणारी बाई नाही. पण त्यानंतर नवऱ्याची भाकरी मी स्वतः न्यायला लागले. जाऊन आधी विहिरीत वाकून बघायचं. कधी दिसायचं नाही, कधी कपारीवर दिसायचं. पाठ पुन्हा काळीभोर, मान बाहेर, दोन्ही डोळे उघडे. दिसलं की माझा जीव थंड व्हायचा. काठावर बसून मी त्याच्याशी काही तरी बोलायचे. मी, जी मांजराला ओट्यावरून हाकलते. एक दिवस ते दिसेना, खूप वेळ दिसेना, म्हणून मी भाकरीचा इवलासा तुकडा टाकला. खालून पाणी हललं, आणि ते वर आलं. माझ्या तुकड्यासाठी वर आलं. नवरा तिकडे लिंबाखाली माझी वाट बघत होता आणि मी इकडे पोरीसारखी हसत होते.

मग रोज एक तुकडा. मग ते लवकर यावं म्हणून जरा मोठा. एकदा थोडा गूळ. सणाला पुरणपोळीची कड, तिचाही सण आहे म्हणून. ती मादी आहे, हे मीच ठरवलं होतं. मनात मी तिचं नावही ठेवलं होतं. ते मात्र सांगणार नाही.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी नवरा जेवायला बसला आणि म्हणाला, "हिरीच्या पान्याला वास यायलाय."

"कसला वास?" मी म्हणाले.

माझ्या नाकाची गावात चेष्टा होते. तीन घरं पलीकडचं करपलेलं दूध मला कळतं. मी रोज त्या विहिरीवर वाकत होते आणि मला वास आला नव्हता. मी उठून गेले आणि पहिल्यांदा कासवाऐवजी पाणी बघितलं. कपारीवर माझी भाकरी होती, पांढऱ्या लवेने फुगलेली. कडेला पुरणाचा लगदा, त्याच्यावर माशा. पाण्यावर एक बारीकसा तेलकट पापुद्रा, उन्हात चमकणारा. आणि तो वास. आंबूस. तोच.

मला काठावरच उलटी झाली. पाण्यात पडू नये म्हणून मी मागे सरकले, गुडघ्यांवर, आणि बांधावर सगळं बाहेर पडलं. नवरा तांब्या घेऊन धावत आला. मी बोटाने कपारीकडे दाखवलं.

"ते भाकरीचं माझं हाय," मी म्हणाले. "पुरन बी."

त्याने कपारीकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "शेंगदाने माझे हायेत. सकाळच्या पारी टाकायचो. लई गोड खातंय ते."

हसू कोणालाच आलं नाही. त्याने मोटार लावून वरचं पाणी शेतात काढून दिलं. मी पायऱ्या उतरून कपारी हाताने साफ केल्या, शेवटचा कण निघेपर्यंत. कासव त्या वेळी कुठे होतं कोण जाणे, मला दिसलं नाही. मी शोधलंही नाही. झरे जिवंत आहेत, विहीर आठवड्यात भरली, आणि पाणी पुन्हा निवळलं असं नवरा सांगतो. मी बघितलेलं नाही.

माझ्या मशीनच्या फळीवर त्या दुपारचा शेंदराचा डाग अजून आहे. कापड ठेवताना त्याच्यावर आधी वर्तमानपत्र घालावं लागतं.

भाकरी घेऊन मी अजून जाते. पण आता आम्ही लिंबाच्या पलीकडच्या अंगाला बसतो, विहिरीकडे पाठ करून. ताटातलं सगळं संपवायचं, उरलं तर गाठोड्यात बांधून घरी आणायचं, हे मी नवऱ्यालाही लावून दिलंय. हात रिकामे राहिले की मला जड जातं, म्हणून मी काज करायचे ब्लाऊज बरोबर नेते. परवा असेच जेवत होतो. मागे विहिरीत डुबुक झालं. मोठं झालं, चांगलं ऐकू येईल एवढं. माझी मान अर्धी वळली होती. नवऱ्याचा घास तोंडाशी थांबला.

"बघून येऊ का?" तो म्हणाला. "नुसतं बघतो. कायबी टाकत न्हाई."

"न्हाई," मी म्हणाले. "जेवा तुमी."